लिनक्सवर जुने डॉस गेम कसे चालवाल?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट टाकले, पण 'प्रिन्स ऑफ पर्शिया' चालेना, अशी अडचण येते. नेटवरची ईएक्सई फाईल आणून डबल क्लिक करू नका. इथे ती आपसूक चालत नाही, वर व्हायरस पदरात पडायची भीती. मिंटच्या 'सॉफ्टवेअर मॅनेजर'मध्ये 'डॉसबॉक्स' शोधून इन्स्टॉल करा. फुकट आहे. उघडल्यावर काळ्या खिडकीत 'झेड' ड्राइव्ह दिसतो. तिथेच नवखा माणूस घाबरतो. 'माउंट सी' लिहून पुढे आपल्या गेमच्या फोल्डरचा पत्ता द्या. कॅपिटल-स्मॉल अक्षरे हुबेहूब हवीत, लिनक्स त्यात सूट देत नाही. मग 'सी' ड्राइव्हवर जाऊन गेमचे नाव टाका. माउस अडकला तर कंट्रोल-एफ१०, गेम रेंगाळला तर कंट्रोल-एफ१२.