मोटारीची कमान आणि तिचें डोलणें

इंग्लंडांत ओबाडाया इलियट यानें १८०४ सालीं लंबवर्तुळाकार कमानींचें पेटंट घेतलें, आणि घोडागाडीचा प्रवास सुसह्य झाला. दबलेली कमान उसळून पुनःपुन्हा डोलते. परंतु पोलादी पात्यांच्या आपसांतील घर्षणानें तें डोलणें आवरे. घोड्याच्या चालीस तेवढें पुरेसें होतें, मोटारीच्या वेगास पुरेना.

फ्रान्समधील त्रुफो याची घर्षणाच्या चकत्यांची युक्ति एडवर्ड हार्टफर्ड यानें अमेरिकेंत नेली व १९०४ च्या सुमारास तिचा धंदा मांडला. चकत्या झिजत, मग आवळत बसावें लागे. पुढें तेलाची योजना आली. नळकांड्यांतील दट्ट्या तेलास बारीक छिद्रांतून रेटतो. उसळीची शक्ति उष्णता होऊन निघून जाते. आपले मिस्त्री यास 'शॉकअप' म्हणतात. मूळ इंग्रजी नांवाचा अर्थ धक्का शोषणारा. तें मला फसवें वाटतें. धक्का कमानच खाते, हा तिला शांत करतो.

तो निकामी झाला कीं चाक रस्त्यावरून उडूं लागतें. उडालेल्या चाकास ब्रेक कसला लागणार? बैठकीस हिसके बसतात हें त्यापुढें क्षुल्लक होय. गाडीचा कोपरा जोरानें दाबून सोडावा. एकदां वर येऊन ती स्थिरावली तर ठीक. डोलत राहिली, नळकांड्यावर तेल ओघळलेलें दिसलें, किंवा टायर मधून मधून खोलगट झिजला, तर शंका घ्यावी. बदलतांना एका आंसावरील दोन्ही एकदमच बदलावे, नाहींतर दोन चाकें दोन तऱ्हांनीं वागतात.