पावाचा तुकडा आणि भाजणारा हात

समुद्रपूरच्या चहाबरोबर खारी, टोस्ट आणि नानकटाई खाऊन घडलेली जीभ घेऊन आम्ही मध्यंतरी पुण्यातील एका फ्रेंच धर्तीच्या बेकरीत गेलो होतो. क्रोसाँ मागवला, दोन-तीन पेस्ट्र्या आणि सँडविचेसही मागवली. क्रोसाँ तोडताच पापुद्रे टेबलावर सांडले आणि आमच्यातील एकाने उद्गार काढला, "ही तर लोण्यातली खारी!" विधान थट्टेचे असले तरी निराधार नव्हते. मैद्याच्या लाटीत स्निग्ध पदार्थ घालून घड्या घालायच्या, पुन्हा लाटायचे आणि भट्टीच्या आचेने ते थर सुटे होऊ द्यायचे, ही क्रिया दोहोंत समान आहे. क्रोसाँच्या पिठात खमीर असते आणि थरांत लोणी असते. आपल्या खारीचे काम बहुधा वनस्पती तुपावर भागते.

ज्याला आपण 'फ्रेंच' म्हणतो तेही मुळात फ्रान्सचे नव्हे. ऑगस्ट त्सांग या ऑस्ट्रियन गृहस्थाने १८३८-३९ च्या सुमारास पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली आणि तेथील चंद्रकोरी पाव पॅरिसकरांच्या पसंतीस उतरला. आजही या वर्गातील पदार्थांना फ्रेंच लोक व्हिएन्नाच्याच नावाने ओळखतात. १६८३ च्या तुर्की वेढ्याशी क्रोसाँचा संबंध जोडणारी कथा प्रसिद्ध आहे, पण तिला समकालीन आधार नाही. सारांश, पदार्थ सहज सरहद्द ओलांडतात. आपल्याकडे अडचण पदार्थाची नव्हती. तो कोणाच्या हातचा, ही होती.

'पाव' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. पण तो पायाने तुडवलेल्या कणकेचा, म्हणून पाव, अशी व्युत्पत्ती आपल्याकडे आवडीने सांगितली गेली. विहिरीत पावाचा तुकडा टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या कथा कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. व्युत्पत्ती खोटी असेल, कथाही तपासून घ्याव्या लागतील. पण त्यांतील किळस आणि भीती मात्र खरी होती. पाव भाजणारा हात बहुधा गोव्याच्या ख्रिस्ती पदेराचा असे.

याच भीतीला काही मराठी तरुणांनी प्रतिज्ञेचे रूप दिले. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी दादोबा पांडुरंग आपल्याला व्याकरणकार म्हणून परिचित आहेत. सभेत प्रवेश करणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे, असा दंडक होता. जातिभेद मोडण्याची ही कसोटी पुस्तकी नव्हती. ती घशाखाली उतरवावी लागे. पण सारे गुप्तपणे चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर पडली आणि सभा विस्कटली. दाराआड खाल्लेल्या तुकड्याचे धैर्य उजेडात टिकले नाही, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ज्यांना वाळीत टाकले जाण्याचे भय रोज सोसावे लागत होते, त्यांना भ्याड ठरवण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? १८६७ साली प्रार्थना समाज उभा राहिला, तो याच माणसांच्या वारशावर.

पुढे १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. रानडे आणि टिळक दोघेही तेथे उपस्थित होते. ही मंडळी तेथे जमली ती गोपाळराव जोशी यांच्या पुढाकाराने. आनंदीबाईंचे पती म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांनीच उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध करविली. ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. आपण काशीस प्रायश्चित्त घेतले आहे, असे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या ग्रंथात हे प्रकरण आले आहे. एका पेल्याने आणि बिस्किटाने एवढ्या मोठ्या माणसांना कोंडीत पकडावे, हे आज हास्यास्पद वाटते. तेव्हा ते तसे नव्हते. त्यात घरातील लग्ने, श्राद्धे आणि स्नेहसंबंध पणाला लागलेले असत.

आमच्या वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. १९२८ साली जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले. परमहंस सभेने बंद खोलीत विचारलेला प्रश्न येथे भर रस्त्यावर, देवळाच्या पायरीवर विचारला गेला. दोन्हींच्या मुळाशी स्पर्शच होता.

बेकरीतील गल्ल्यापाशी हा प्रश्न कोणी विचारत नाही. काचेमागची पेस्ट्री कोणाच्या हातची, याची चौकशी न करता आपण ती खातो. यंत्राने, पाकिटाने आणि पैशाने तो हात दिसेनासा केला आहे. पण हात दिसेनासा होणे आणि तो मान्य होणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात दलित स्वयंपाकिणीने रांधलेले शाळेतील जेवण मुलांनी नाकारले होते. म्हणजे जेथे हात दिसतो, तेथे जुना प्रश्न अजून जिवंत आहे.

म्हणून वर्गात परमहंस सभेचा धडा शिकवताना केवळ सनावळी सांगून भागणार नाही, असे आम्हाला वाटते. विद्यार्थ्यांना विचारावे : शेजाऱ्याच्या घरचा तुकडा, त्याचे नाव आणि आडनाव माहीत असताना, तुम्ही आणि तुमच्या घरचे तितक्याच सहजपणे खाल का? दादोबांच्या काळातील तो पावाचा तुकडा अजून ताटात आहे.