पाटल्यांची सरहद्द

आम्ही मूळचे खानदेशी. वडील पोटासाठी सुरतेकडे आले आणि आम्ही भेस्तानकर झालो. घरात अहिराणी, दारात गुजराती. सोन्याचा मोह मात्र दोन्हीकडे सारखाच!

भेस्तानहून दक्षिणेला गाडीने वापी गाठली, की दमण हाकेच्या अंतरावर. डिसेंबर 1961 पर्यंत तिथे पोर्तुगीज अंमल होता. भारतात 1947 पासून सोने आणण्यावर बंधने होती, दमणला ती नव्हती. एकच लगड हद्दीपलीकडे माल, अलीकडे गुन्हा! पुढे जानेवारी 1963 मध्ये मोरारजीभाईंचे सुवर्ण नियंत्रण आले. नवा दागिना 14 कॅरटच्या वर घडवायचा नाही! कितीक सोनारांची भट्टी विझली. कॅरटची अट 1966 मध्ये सुटली. 1968 चा कायदा जायला मात्र 1990 उजाडले.

फेब्रुवारी 2019 मध्ये सुरतेहून थेट शारजाला विमान सुरू झाले. पुढे माझी बहीण लेकीकडे दोन महिने राहून आली. परततांना एका विमानतळावर तिच्या हातातल्या, आईच्या पाटल्यांची पावती मागितली. आईच्या हातातून लेकीच्या हातात आलेल्या सोन्याला पावती कुठली? 2016 च्या नियमांनी बाईला 40 ग्रॅम, पुरुषाला 20 ग्रॅम दागिन्यांची सूट दिली होती, तीही किमतीच्या मर्यादेत आणि वर्षाहून अधिक परदेशी राहिलेल्यांनाच. अखेर लग्नातल्या जुन्या फोटोने तिची सुटका केली.

जातांनाच कस्टमकडून दागिन्यांचा निर्यात दाखला घेतला असता, तर हे टळले असते. स्त्रीधनाला आठवण पुरते. सरहद्दीला कागद लागतो.