कायम डेटाबेस जोडणी
वेब अॅप्लिकेशनने डेटाबेसशी एकदा केलेली जोडणी विनंती संपल्यावर न तोडता पुढच्या विनंतीसाठी राखण्याची पद्धत. नवी जोडणी स्वस्त नसते : टीसीपीची देवाणघेवाण, पासवर्डची पडताळणी, आणि पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये तर प्रत्येक जोडणीमागे सर्व्हरवर एक स्वतंत्र प्रोसेस, हा सारा खटाटोप एखाद्या चिमुकल्या क्वेरीसाठी होतो. तेव्हा जोडणी राखणे योग्यच. ती कोणी राखायची, हा खरा प्रश्न आहे. पीएचपीत विनंत्या हाताळणारा प्रत्येक वर्कर आपली जोडणी धरून बसतो. चार सर्व्हरांवर पन्नास-पन्नास वर्कर असले की जोडण्या 200 होतात, आणि पोस्टग्रेएसक्यूएलची मूळ मर्यादा आहे 100. बहुतेक जोडण्या रिकाम्या असूनही नव्याला दार बंद! मर्यादा वाढवावी म्हटले, तर प्रत्येक प्रोसेस मेमरी खाते. म्हणून पीजीबाउन्सरसारखा जोडण्यांचा सामाईक पूल मध्ये ठेवणे श्रेयस्कर; त्याच्या ट्रान्झॅक्शन पद्धतीत व्यवहार आटोपताच जोडणी दुसऱ्याच्या हाती जाते.

यात तात्पुरती टेबले, सेशनची सेटिंग्ज यांवर विसंबता येत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण अशी उरलेली स्थिती वर्करने धरलेल्या जोडणीतही घातकच : अर्धवट ट्रान्झॅक्शन किंवा टेबलावरचे लॉक पुढच्या विनंतीच्या गळ्यात पडते. शिवाय राखलेली जोडणी सर्व्हरही तोडू शकतो : मायएसक्यूएल रिकामी जोडणी मूळ सेटिंगनुसार 28,800 सेकंदांनी, म्हणजे 8 तासांनी, स्वतःच तोडते; म्हणून पूलमधल्या रिकाम्या जोडणीची मुदत त्याहून कमी ठेवावी.