दमडीची नुकसानभरपाई

गेल्या डिसेंबरात पुण्यात एका हस्तकला प्रदर्शनात मी माझे लिनोकट घेऊन बसले होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक काका आले. मुठेच्या पुलावरचा पाऊस असं एक चित्र होतं, काळ्या शाईतलं. त्यांनी ते लांब धरून पाहिलं, मग जवळ धरून पाहिलं आणि विचारलं, "हे करायला किती वेळ लागला?"

मी खरं ते सांगितलं, "दोन दिवस."

"आणि किंमत अठराशे?" काका हसले. "म्हणजे नऊशे रुपये रोज!"

ते गेल्यावर शेजारच्या स्टॉलवरची मैत्रीण म्हणाली, "अगं, हे टाक स्टोरीला. काका ट्रोल करतायत, तू सेल कर." मी टाकलं. 'नऊशे रुपये रोजाची मजूर' असं मोठ्या अक्षरात लिहून खाली पुलाचं चित्र. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या चित्राच्या सगळ्या प्रती गेल्या. घेणाऱ्यांपैकी दोघींनी तर "ते नऊशेवालं द्या" असंच मागितलं.

तेव्हा मला फार हुशार वाटलं होतं. नंतर कळलं की ही युक्ती दीडशे वर्षं जुनी आहे. ज्याने ती केली त्याला कोर्टात जवळजवळ हाच प्रश्न विचारला गेला होता, तोही दोन दिवसांवरूनच.

जेम्स मॅकनील व्हिस्लर हा जन्माने अमेरिकन, पण राहायचा लंडनमध्ये. टेम्स नदीकाठी चेल्सी भागात क्रेमोर्न गार्डन्स नावाची करमणुकीची बाग होती, तिथे रात्री आतषबाजी व्हायची. व्हिस्लरने त्याचं चित्र काढलं : जवळजवळ सगळा कॅनव्हास काळानिळा, मध्ये धूर आणि खाली गळत येणाऱ्या सोनेरी ठिणग्या. 1877 साली ग्रॉव्हनर गॅलरीत ते लागलं. किंमत 200 गिनी, म्हणजे 210 पौंड.

जॉन रस्किन तेव्हा इंग्लंडमधला कलेचा सर्वांत मोठा टीकाकार होता. तरुणपणी त्यानेच टर्नर या चित्रकाराची बाजू घेऊन टर्नरला हसणाऱ्यांना गप्प केलं होतं. पण व्हिस्लरचं चित्र पाहून त्याने आपल्या मासिक पत्रात लिहिलं की रंगाचा डबा लोकांच्या तोंडावर भिरकावायचे 200 गिनी मागणारा असा दीडशहाणा मी बघितला नव्हता. अशा माणसाने असं लिहिलं की गिऱ्हाईक बिचकणारच. व्हिस्लरने बदनामीचा खटला भरला.

25 आणि 26 नोव्हेंबर 1878 असे दोन दिवस खटला चालला. रस्किन आजारी असल्याने आलाच नाही. त्या वर्षाच्या सुरुवातीला त्याचं मानसिक संतुलन ढासळलं होतं. त्याच्या बाजूने सर जॉन होल्कर उभे होते. चित्राला किती वेळ लागला, असं त्यांनी विचारलं. व्हिस्लरने एक-दोन दिवसांचा हिशेब दिला. मग दोन दिवसांच्या कामाचे 200 गिनी? व्हिस्लर म्हणाला, नाही, आयुष्यभर जे शिकलो त्याचे. कोर्टात टाळ्या पडल्या.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी टाळ्यांवरच थांबते. निकाल व्हिस्लरच्या बाजूने लागला हे खरं, पण ज्युरीने नुकसानभरपाई दिली एक फार्दिंग. फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. आपल्या भाषेत एक दमडी. शिवाय खटल्याचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा. रस्किनचा खर्च त्याच्या चाहत्यांनी वर्गणी काढून भरला. व्हिस्लरसाठी वर्गणी कोण काढणार? तो आधीच कर्जात होता. मे 1879 मध्ये त्याचं दिवाळं निघालं. टाइट स्ट्रीटवर मोठ्या हौसेने बांधून घेतलेलं 'व्हाइट हाउस' विकावं लागलं.

घेतलं कोणी? हॅरी क्विल्टर या कलासमीक्षकाने. निंदकाचं घर शेजारी असावं म्हणतात. इथे निंदक थेट घरातच राहायला आला.

टीकेतून धंदा करण्याच्या गोष्टींत हा मधला भाग गाळला जातो. म्हणून मला तो जरा ठासून सांगावासा वाटतो. 1879 च्या उन्हाळ्यात रस्किनचा शेरा व्हिस्लरला भरपूर प्रसिद्धी देऊन गेला होता आणि त्याच वेळी माणूस रस्त्यावर आला होता. प्रसिद्धीने घरभाडं भरलं जात नव्हतं.

त्याला वर काढलं कामाने. फाइन आर्ट सोसायटी या लंडनच्या दालनाने त्याला व्हेनिसची 12 एचिंग्ज करायला पाठवलं. तीन महिन्यांचं काम होतं, तो वर्षाहून जास्त राहिला. परतला तेव्हा त्याच्याकडे सुमारे 50 एचिंग्ज आणि पेस्टलचा मोठा गठ्ठा होता. 1880 च्या डिसेंबरात पहिली 12 दाखवली, तर समीक्षकांनी पुन्हा नाकं मुरडली : अर्धवट आहेत, पुसट आहेत, काय काढलंय कळत नाही.

मग फेब्रुवारी 1883 मध्ये, त्याच दालनात, त्याने खरा डाव टाकला. 51 एचिंग्ज. खोली सगळी पांढरी आणि पिवळी. दारावरच्या नोकराचा पोशाखही पिवळा-पांढरा. लोक त्याला अर्धकच्चं अंडं म्हणू लागले. ओळखीच्यांना कपड्यांवर लावायला पिवळी फुलपाखरं वाटली, कारण फुलपाखरू ही व्हिस्लरची सही होती. (आता याला आपण मर्च म्हणतो.) आणि तपकिरी कागदाच्या वेष्टणातला एक कॅटलॉग. त्यात प्रत्येक चित्राचा क्रमांक, नाव आणि त्याखाली कुठल्या ना कुठल्या समीक्षकाने व्हिस्लरबद्दल काढलेले वाईट उद्गार, नावानिशी छापलेले.

हे का चाललं असेल, याचा मी बराच विचार केला. वर्तमानपत्रातला शेरा वाचताना चित्र समोर नसतं. वाचणारा शेऱ्यावर विश्वास ठेवतो. इथे चित्र भिंतीवर आणि शेरा हातात. दोन्ही एकदम बघताना न्याय करणारा समीक्षक उरत नाही, तिकडे उभा असलेला माणूस न्यायाधीश होतो. त्याला ते आवडतं. शिवाय इतके शेरे एका ठिकाणी आले की ते एकमेकांच्या विरुद्ध बोलायला लागतात. आणि ज्या वर्तमानपत्रांची थट्टा केली त्यांना या प्रदर्शनाची बातमी द्यावीच लागली.

पण कॅटलॉग प्रामाणिक नव्हता. काही शेरे या एचिंग्जबद्दल नव्हतेच, जुन्या कामांबद्दलचे होते. मागचंपुढचं कापलेलं. फ्रेडरिक वेडमोर नावाच्या समीक्षकाने तक्रार केली की मी 'कमी लेखणं' या अर्थाचा शब्द लिहिला होता, तुम्ही तिथे 'समजणं' असं छापलंत. इंग्रजीत दोन्ही शब्दांत दोनतीन अक्षरांचाच फरक. व्हिस्लरने जाहीर माफी मागितली : चूक माझीच, या मंडळींचा प्रश्न कायम कमी लेखण्याचाच असतो, समजण्याचा नसतोच, हे मला माहीत असायला हवं होतं. लोक हसले. वेडमोरची तक्रार मात्र रास्त होती, आणि ती त्या हसण्यात बुडाली.

पुढे हा त्याचा स्वभावच झाला. 1890 मध्ये खटल्याचा वृत्तांत, शेरे, भांडणाची पत्रं असं सगळं एकत्र करून त्याने पुस्तक काढलं. शत्रू करण्याच्या नाजूक कलेबद्दलचं. त्या पुस्तकासाठी मजकूर गोळा करणाऱ्या शेरिडन फोर्ड या पत्रकाराशीही त्याचं वाजलं, ते वेगळंच. 1891 मध्ये फ्रेंच सरकारने त्याच्या आईचं चित्र विकत घेतलं. 1892 मध्ये गूपील गॅलरीत मोठं प्रदर्शन झालं, कॅटलॉगमध्ये पुन्हा शेरे, आणि या वेळी चित्रांना मोठी किंमत आली. त्याच वर्षी आतषबाजीचं ते चित्र एका अमेरिकन माणसाने 800 गिनींना घेतलं. रस्किनच्या हिशेबाने रंगाचे चार डबे, असं व्हिस्लरने लगेच मोजून घेतलं.

रस्किन निकालानंतर ऑक्सफर्डची प्राध्यापकी सोडून बसला होता. मला त्याचा पुळका नाही. त्याने लिहिलं ते चुकीचं होतं आणि उर्मट होतं. पण घाम किती आणि दाम किती, हा त्याचा आयुष्यभराचा प्रश्न होता, कामगारांसाठी तो त्यावर पानंच्या पानं लिहीत आला होता. तो प्रश्न मूर्खाचा नव्हता.

आता काकांबद्दल. "नऊशे रुपये रोज" म्हणून हसल्यावर ते आणखी बोलले होते. त्यांचे वडील छापखान्यात कंपॉझिटर होते, खिळे जुळवायचे, पानावर पैसे मिळायचे. "त्यांना कुणी असा रोज दिला असता तर आम्ही शिकलो असतो," असं म्हणून त्यांनी चित्र जपून, कडेला धरून, जागेवर ठेवलं होतं. बोटाचा ठसा उमटू नये म्हणून. छापखान्यातल्या माणसाचं पोरच कागद तसा धरतं.

स्टोरीत मी हे टाकलं नव्हतं. ते टाकलं असतं तर विनोद झाला नसता.

आतषबाजीचं ते चित्र आता डेट्रॉइटच्या संग्रहालयात आहे, जेमतेम दोन फूट उंचीचं. फोनवर शोधलंत तर आधी नुसता अंधार दिसेल. ब्राइटनेस पूर्ण वाढवा, मग खाली डाव्या बाजूला उभी असलेली दोनतीन माणसं दिसायला लागतात.

पुलाच्या चित्राची एक प्रत माझ्याकडे उरली आहे, शाई जरा कमी लागलेली. या डिसेंबरात पुन्हा तिथेच स्टॉल आहे. ती विकायला लावणार नाही. काका आले तर त्यांना देईन, आणि किती वेळ लागला ते नीट सांगेन : दोन दिवस कोरायला, आणि त्याआधी चार पाट्या फुकट गेल्या.