सूर एकाचे, लेखणी दुसऱ्याची

नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव अशा आमच्या जुन्नर-आंबेगाव तालुक्यांतील गावांना वरातीपुढचा बँड नवा नाही. अलीकडे ध्वनिवर्धकांच्या भिंतींपुढे तो मागे पडत चालला असला, तरी क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि मोठा ढोल यांचा नाद कानी पडताच माणसे आजही दाराशी येतात. इंग्रजी अमदानीत लष्करी पथकांबरोबर आलेली ही वाद्ये कालांतराने लग्नमंडपाची झाली. त्यांवर वाजणारी गाणी मात्र बहुधा चित्रपटांतील असतात. त्या गाण्यांच्या जडणघडणीत आपल्या ख्रिस्ती बांधवांचा जो वाटा आहे, त्याची ओळख करून घेणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

शेजारच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील पुणतांबे येथे १९१८ साली रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. पुण्यात विनायकबुवा पटवर्धन यांच्यासारख्या थोर गायकाकडे त्यांनी रागसंगीताचे धडे घेतले. हेच पुढे सी. रामचंद्र म्हणून भारतभर गाजले. ख्यालाच्या शिस्तीत वाढलेल्या या मराठी माणसाने अमेरिकेतील जॅझचे वारे हिंदी चित्रपटगीतात मुक्तपणे खेळवले. हे त्यांना साधले कसे?

उत्तरासाठी ‘बिग बँड’ म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. १९३० च्या सुमारास अमेरिकेत ही वाद्यवृंदरचना भरास आली. चार-पाच सॅक्सोफोन, तीन-चार ट्रम्पेट, तितकेच ट्रॉम्बोन आणि तालासाठी पियानो, गिटार, बास व ड्रम असा तिचा सर्वसाधारण थाट असे. ट्रम्पेटांनी साद घालावी, सॅक्सोफोनांनी प्रतिसाद द्यावा, ही तिची लकब. नारायणगावच्या तमाशात मुख्य गायकाचा सूर झीलकरी उचलून धरतात. मिस्सामध्ये स्तोत्राच्या ओळीला भाविक एकमुखाने प्रतिसाद देतात. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या जॅझमधील ही देवाणघेवाणही त्यांच्या श्रमगीतांतून आणि प्रार्थनामंदिरांतून आलेली आहे. आपल्या कानांना ती परकी का वाटली नाही, याचे कारण यात असावे.

तथापि साद-प्रतिसाद कानाला गोड वाटला, तरी पंधरा माणसांनी तो एका दमात वाजवणे सोपे नाही. प्रत्येकासाठी स्वतंत्र कागद लिहावा लागतो. पियानोवरचा ‘सी’ हाच स्वर नेहमीच्या ट्रम्पेटवाल्यासाठी ‘डी’ म्हणून, तर आल्टो सॅक्सोफोनवाल्यासाठी ‘ए’ म्हणून लिहितात. लिहिणाऱ्याची एक चूक झाली, तर साऱ्या वृंदाचा बेसूर होतो. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी. तिला वाद्यमेळाचा साज चढवून कागदावर उतरवण्याचे काम संयोजकाचे असे.

ही स्वरलिपी मुंबईच्या स्टुडिओत आली ती मुख्यत्वे गोव्याच्या धर्मग्रामांतून. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन, गायन आणि व्हायोलिन शिकवले जाई. हेतू साधा होता: मिस्सा आणि सणांसाठी गायक-वादक तयार व्हावेत. पण त्या शिदोरीवर कित्येक तरुणांनी मुंबई गाठली. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला आणि जॅझचे नवे दालन या तरुणांपुढे उघडले. हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ त्यांपैकीच एक. ‘चिक चॉकलेट’ या नावाने त्यांचा ट्रम्पेट असा गाजला की लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. १९४७ च्या फाळणीनंतर लाहोरच्या हॉटेलांत बँड चालवणारे सेबॅस्टियन डिसोझाही मुंबईत आले आणि पुढे शंकर-जयकिशन यांचे संयोजक म्हणून नावारूपास आले. १९५० साली मुंबई राज्यात दारूबंदी झाली, हॉटेलांतील मैफली रोडावल्या. त्यामुळे वादकांना स्टुडिओचा आधार अधिकच मोलाचा ठरला.

सी. रामचंद्र आणि चिक चॉकलेट यांच्या सहकार्याचे उत्तम फळ म्हणजे १९५१ चा, भगवान पालव यांचा ‘अलबेला’. ‘शोला जो भडके’ ऐकताना चितळकरांचा आणि लताबाईंचा आवाज आपण चटकन ओळखतो. पण दोन कडव्यांमध्ये उसळणाऱ्या ट्रम्पेटकडे लक्ष किती जणांचे जाते? याच चित्रपटात चिक चॉकलेट यांचा बँड प्रत्यक्ष पडद्यावरही दिसतो. पुढे १९५७ साली ‘आशा’ चित्रपटातील ‘ईना मीना डीका’ने हाच उल्हास घरोघरी पोहोचवला.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे वडील चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख होते. अँथनी यांनी १९५८ साली ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभारून, रागांवर आधारलेल्या आपल्या रचना मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात सादर केल्या. त्या जॅझ नव्हत्या. पण पडद्यामागचा वादक स्वतः रचनाकार म्हणून श्रोत्यांपुढे उभा राहिला, हे महत्त्वाचे. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्याने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी दिलेली ती गुरुदक्षिणाच होती. तरीही त्या नावाचा एक खराखुरा संगीतज्ञ होऊन गेला, याचा गाणे गुणगुणणाऱ्या बहुतेकांना पत्ता नव्हता. २०१२ साली ते निवर्तले.

सी. रामचंद्रांची थोरवी याने तिळमात्रही कमी होत नाही. चाल त्यांची, प्रतिभा त्यांची. पण ध्वनिमुद्रिकेवर संगीतकाराचे नाव छापले जाई. संयोजकाचे आणि वादकांचे सहसा नसे. ज्यांनी लिहिले, त्यांचेच नाव कुठे लिहिले गेले नाही!

चर्चच्या शाळेतील त्या अनाम संगीतशिक्षकांना आपले विद्यार्थी कोठवर जातील, याची कल्पना नव्हती. त्यांनी केवळ रविवारची मिस्सा सुरेल व्हावी म्हणून मुलांना पाच रेघांची अक्षरे शिकवली. आज आपल्या धर्मग्रामांतील गायनवृंदांत मुले गाणी ऐकून पाठ करतात. स्वर वाचू शकणारी थोडीच. त्यांच्या हाती ती अक्षरे पुन्हा देणे काही फार खर्चाचे काम नाही. तसेच कोणाच्या माळ्यावर आजोबांची स्वरलेखनाची वही धूळ खात पडली असेल, तर ती रद्दीत जाण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी आणि पहिल्या पानावर त्यांचे नाव ठळक अक्षरांत लिहून ठेवावे.