सडन

सडन हे इंग्रजी भाषेतील एक विशेषण आहे. पूर्वसूचना न देता, अपेक्षा नसताना आणि अल्पावधीत घडणाऱ्या गोष्टीसाठी ते वापरतात. मराठीत त्यासाठी आकस्मिक, एकाएकी, अनपेक्षित असे प्रतिशब्द योजले जातात. 'अचानक' हा सर्वांत परिचित शब्द मराठीत मुख्यतः क्रियाविशेषण म्हणून येतो. त्यामुळे तो 'सडनली' या रूपाला अधिक जवळचा आहे.

व्युत्पत्ती

'खालून जाणे, नकळत येऊन ठेपणे' या अर्थाच्या 'सुबिरे' या लॅटिन क्रियापदापासून 'सुबितुस' हे विशेषण झाले. त्यापासून बनलेला शब्द फ्रेंचमार्गे मध्ययुगीन इंग्रजीत आला. संस्कृत 'अकस्मात्' या शब्दाचा मूळ अर्थ 'कशापासूनही नव्हे' असा आहे. म्हणजे लॅटिन शब्दात चोरपावलांनी येणे आहे, तर संस्कृत शब्दात कारण न दिसणे.

अर्थ आणि वापर

या शब्दात अनपेक्षितपणा व वेग या दोन छटा आहेत. 'अनएक्स्पेक्टेड' या विशेषणात वेगाची अट नसते: निवडणुकीचा निकाल दिवसभर हळूहळू स्पष्ट होऊनही अनपेक्षित ठरू शकतो, पण त्याला सहसा 'सडन' म्हणत नाहीत. 'ऑल ऑफ अ सडन' या वाक्प्रचारात हा शब्द नामासारखा येतो. खेळांत बरोबरी फोडण्यासाठी 'सडन डेथ' पद्धत वापरतात; तीत पहिली निर्णायक आघाडी मिळताच सामना संपतो.

कायद्यातील अर्थ

या दोन छटांतील फरक न्यायालयात निर्णायक ठरतो. भारतीय दंड संहिता, 1860 च्या कलम 300 मधील पहिल्या अपवादानुसार 'ग्रेव्ह अँड सडन प्रोव्होकेशन', म्हणजे गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ, यामुळे आत्मसंयम सुटून केलेला मनुष्यवध, काही अटींच्या अधीन राहून, खून ठरत नाही. के. एम. नानावटी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात बचावपक्षाने पर्यायी युक्तिवाद म्हणून याच अपवादाचा आधार घेतला होता. पत्नीने दिलेली कबुली धक्कादायक होती, याविषयी फारसा वाद नव्हता. परंतु आरोपीने दुपारी दीडच्या सुमारास घर सोडले आणि गोळीबार 4 वाजून 20 मिनिटांनी झाला. दरम्यान त्याने जहाजावरून रिव्हॉल्व्हर मिळवले. एवढा वेळ मन ताब्यात येण्यास पुरेसा होता, असे मानून सर्वोच्च न्यायालयाने 24 नोव्हेंबर 1961 रोजी जन्मठेप कायम केली. प्रक्षोभ आकस्मिक असणे पुरेसे नाही. कृतीही त्याच भरात घडलेली असावी लागते. हाच अपवाद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 101 मध्ये आहे.

मराठी प्रतिशब्दांविषयी

'आकस्मिक' हा शब्द मराठीत इतर इंग्रजी संज्ञांसाठीही वापरला जातो. 'महाराष्ट्र आकस्मिकता निधी' या नावात तो 'कंटिन्जन्सी'साठी आहे, तर पोलिसांच्या 'अकस्मात मृत्यू' या नोंदीत 'अ‍ॅक्सिडेंटल'साठी. या नोंदीतील मृत्यू झटपट झालेला असेलच असे नाही. दीर्घ उपचारांनंतर दगावलेल्या अपघातग्रस्ताचीही नोंद तशीच होऊ शकते. त्यामुळे भाषांतर करताना मूळ इंग्रजी शब्द पाहणे आवश्यक असते.